एकच जुनी प्रत, सात वाचक: 'रणांगण' फिरवायचं कसं?

(वाचकांमधली चर्चा. प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

पानगळ

विश्राम बेडेकरांच्या 'रणांगण' या कादंबरीची एक जुनी प्रत रद्दी-पुस्तकांच्या दुकानातून घेतली आहे. ती आम्ही सात जण आळीपाळीने वाचणार आहोत: पुणे, नाशिक, इंदूर, नागपूर, पणजी, बेळगाव, कोल्हापूर. नवी प्रत मिळते, हे माहीत आहे. पण सगळ्यांनी तीच प्रत हाताळायची आणि प्रत्येकाने आपलं म्हणणं लिहून ठेवायचं, असा बेत आहे.

प्रतीची अवस्था: डेमी आकार, कापडी कण्याची पुठ्ठाबांधणी. पान ३३-३४ आणि ४७-४८ सुटी झाली आहेत, बाकीची जागेवर आहेत. कागद पिवळट, कडांना तपकिरी ठिपके, वास कुबट. शेवटच्या काही पानांवर टाचणीएवढी गोल भोकं आहेत. आधीच्या मालकाने पेन्सिलीने ओळी अधोरेखित केल्या आहेत आणि समासात बारीक अक्षरात काही शेरे लिहिले आहेत.

विचारायचं आहे ते असं:
१. बाइंडरकडे देऊन नव्याने बांधून घ्यावी का?
२. पेन्सिलीच्या खुणा खोडाव्यात का?
३. टपालाने पाठवायची स्वस्त आणि खात्रीची पद्धत कोणती? जुलैत सुरू करून तीन महिन्यांत प्रत परत यायला हवी.
४. आधीच्यांची मतं वाचून पुढच्याचं वाचन गढूळ होऊ नये, यासाठी प्रतिक्रिया कशा लिहून घ्याव्यात?

जुजबंदी

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: नाही. कोपऱ्यावरचा बाइंडर बहुतेक वेळा दोन गोष्टी करतो. कण्यापासून दोन-तीन सूत (साधारण पाव इंच) आत बाजूने टाके घालतो, त्यामुळे आतला समास गिळला जातो आणि पुस्तक पुरतं उघडत नाही. मग तिन्ही बाजू कटिंग मशीनला लावून कडा सरळ करतो. त्यात समासातले पेन्सिलीचे शेरे अर्धे कापले जातील. जुना कागद ठिसूळ असेल तर बाजूच्या टाक्यांच्या रेषेवर पानं दुमडून तुटायला लागतात, म्हणजे दुरुस्तीनेच पुस्तक मरतं.

आता सुटी पानं. ३३-३४ आणि ४७-४८ एकाच वेळी सुटली, हा योगायोग नाही. फर्मा म्हणजे छापून घडी घातलेला एक मोठा कागद; असे फर्मे एकावर एक शिवून पुस्तक होतं. डेमी अष्टमांशाचा फर्मा सोळा पानांचा. पानांचे आकडे पहिल्या छापील पानापासून धरले असतील तर तिसरा फर्मा ३३ ते ४८. त्यातली ३३-३४ आणि ४७-४८ ही मुळात एकाच घडीची दोन टोकं, फर्म्याची सगळ्यात बाहेरची जोडी. घडी कण्यापाशी फाटली म्हणून दोन्ही पानं एकदम निघाली. तेव्हा चिकटवण्याआधी ३५ ते ४६ ही पानं दोन बोटांत धरून हलकेच हलवून बघा. घट्ट असतील तर दोरा शाबूत आहे. अख्खा गठ्ठा मागेपुढे सरकत असेल तर दोरा तुटलाय आणि दुसऱ्या-तिसऱ्या घरी बारा पानं एकदम हातात येतील. तसं असेल तरच बाइंडरकडे जा, आणि त्याला स्पष्ट सांगा: घडीतून शिवायचं, जुजबंदी (प्रत्येक फर्मा घडीतून शिवण्याची पद्धत) ठेवायची, बाजूने टाके नकोत, कटिंग नको.

दोरा शाबूत असेल तर काम घरी होतं. फेविकॉल नको, ते वाळल्यावर कडक होतं आणि पुढे कुणाला सोडवता येत नाही. सेलोटेप तर अजिबात नको. तिचा गोंद काही वर्षांत पिवळा पडून कागदात मुरतो, टेप गळून जाते आणि डाग कायमचा राहतो.

खळ करा. कुरडयांसाठी काढतात तो गव्हाचा चीक वाळवून ठेवलेला असेल तर उत्तम (मीठ-हिंग घालण्याआधीचा). नसेल तर मैदा चालेल. एक चमचा चीक पाच चमचे पाण्यात अर्धा तास भिजवा, मंद आचेवर सतत ढवळत काचेसारखा होईपर्यंत शिजवा, गार झाल्यावर मलमलीतून गाळा. फ्रीजमध्ये तीन दिवस टिकते, आंबूस वास आला की टाकून द्या. बरेच बाइंडर खळीत मोरचूद घालतात, कीड लागू नये म्हणून. आपण घालू नये. तांब्याच्या क्षाराने कागद लवकर काळवंडतो आणि कुजतो.

पान ३४ च्या आतल्या कडेला, कण्याच्या बाजूला, तीन मिलिमीटरची पट्टी सोडून बाकीचं पान रद्दी कागदाने झाका आणि त्या पट्टीवरच ब्रशने खळीचा पातळ हात फिरवा. पान ३५ च्या खोबणीत बसवा. बाहेरची कड बाकीच्या पानांशी जुळली पाहिजे. ती एक मिलिमीटर जरी बाहेर राहिली तरी तेवढी कड दर हाताळणीत फाटत जाते. दोन्ही बाजूंना बटर पेपर घाला, पुस्तक मिटा, वर दोन जाड शब्दकोश ठेवा, बारा तास हात लावू नका. मग ४७-४८ तसंच ४६ ला जोडा. दोन्ही एकाच वेळी केलीत तर ओलाव्याने मधली पानं फुगतात. जोडलेलं पान सपाट उघडायचं नाही, ही सूचना सातही जणांना द्या.

पाठवण्याआधी आणखी एक काम: अख्खी पानं मोजा. दर सोळा पानांनी तळाशी डावीकडे बारीक आकडा दिसतो का बघा, तो फर्म्याचा क्रमांक. एखादा फर्मा गायब किंवा दोनदा बांधलेला असेल तर ते पहिल्या दिवशी कळायला हवं, सहाव्या वाचकाने पत्र लिहून कळवायला नको.

खूणचिठ्ठी

भोकांबद्दल कुणीच बोललं नाही, आणि टपालाआधी सगळ्यात निकडीचं तेच आहे. सात घरांच्या कपाटांचा प्रश्न आहे.

टाचणीएवढी गोल, आरपार भोकं म्हणजे भुंग्याच्या जातीच्या किड्याची अळी. कसर अशी भोकं पाडत नाही. ती पृष्ठभाग खरवडते, कागद वेडावाकडा पातळ होतो आणि बांधणीतली खळ खाते. पुस्तक पांढऱ्या कागदावर उभं धरून हलके ठोका आणि तसंच रात्रभर ठेवा. सकाळी ताजी भुकटी पडलेली असेल तर अळी जिवंत आहे. नसेल तर भोकं जुनी आहेत, पण खात्रीसाठी उपचार करून टाकावा.

उपचार थंडीचा. पुस्तक पूर्ण कोरडं असल्याची खात्री करा. पातळ कागदात गुंडाळून झिपच्या पिशवीत घाला, हवा दाबून काढा, आणि दोन दारांच्या फ्रीजच्या वरच्या फ्रीजरमध्ये, उणे १८ अंशांना, दोन आठवडे ठेवा. जुन्या एकदारी फ्रीजचा बर्फाचा कप्पा एवढा थंड होत नाही, तिथे ठेवून उपयोग नाही. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही, चोवीस तास तशीच टेबलावर ठेवायची. लगेच उघडली तर बाहेरच्या हवेतलं पाणी थंडगार पानांवर जमतं. पिशवी बंद असेल तर ते पिशवीवर जमतं. ही एक चूक सगळे करतात आणि मग किडीऐवजी बुरशी पदरात पडते.

हा उपचार पानं चिकटवण्याआधी करा, नंतर नको.

डाग आणि वास वेगळे. तपकिरी ठिपके कोरड्या पुस्तकात पसरत नाहीत, त्यांना हात लावू नका. बोट फिरवल्यावर पावडरीसारखं पुसलं जाणारं पांढरं-हिरवं काही असेल तर ती चालू बुरशी. तोंडाला मास्क लावून, गच्चीत, मऊ ब्रशने कण्याकडून बाहेरच्या दिशेने झाडा. ओल्या फडक्याने पुसू नका. थंडीने बुरशी मरत नाही, नुसती निपचित पडते, म्हणून तिच्यावर उपाय कोरडेपणा हाच. कुबट वासासाठी झाकणाच्या डब्यात तळाला वाटीभर खाण्याचा सोडा, वर जाळी किंवा उपडी चाळणी, तिच्यावर पुस्तक अर्धवट उघडं उभं. दोन-तीन दिवस. सोडा पानांना लागता कामा नये. वेखंडाची पुरचुंडी कपाटात ठेवायला चांगली, पण टपालाच्या बंद पाकिटात डांबरगोळ्या घालू नका. उघडणाऱ्याच्या डोक्यात वास भिनतो आणि पुस्तकातून महिनोन् महिने जात नाही.

टपालपेटी

तिसऱ्या प्रश्नाबद्दल.

टपाल खात्याने १ मे २०२५ पासून 'ज्ञान पोस्ट' सुरू केली आहे. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, कमाल ५ किलोला १०० रुपये, कर वेगळा. जमिनीवरच्या वाहतुकीने जाते, ट्रॅकिंग मिळतं. पुस्तकावर मुद्रक किंवा प्रकाशकाचं नाव छापलेलं असावं लागतं, म्हणजे ते पान तुमच्या प्रतीत शाबूत आहे का बघा. जुन्या पुस्तकांतून नेमकं तेच पान फाटलेलं असतं. ही सोय मुख्यतः शैक्षणिक, सांस्कृतिक, धार्मिक छापील साहित्यासाठी आहे. कादंबरी त्यात घेतात का, हे पाकीट बंद करण्याआधी काउंटरवर विचारा. आणि मुख्य मुद्दा: सवलतीच्या पुस्तक-पाकिटात खासगी पत्रव्यवहार चालत नाही. हाताने लिहिलेली प्रतिक्रियांची वही त्यात घातली तर पाकीट परत येऊ शकतं किंवा पूर्ण दर द्यावा लागतो.

दुसरा मार्ग स्पीड पोस्ट. २०२५ मध्ये रजिस्टर्ड पोस्ट तिच्यातच विलीन झाली. ज्याच्या नावाने पाठवलं त्याच्याच हाती द्यावं असं हवं असेल तर जादा शुल्क भरून नोंदणीची सोय मागा. तीन महिन्यांची मुदत असेल तर मी स्पीड पोस्टच म्हणेन. हिशेब बघा: सात वाचक, पुण्याला परत येण्यासह सात टप्पे. वाचायला आठ दिवस, वाटेत चार दिवस धरले की दर टप्पा बारा दिवसांचा, एकूण ८४ दिवस. जमिनीवरच्या वाहतुकीला सात दिवस धरले तर तेच १०५ होतात.

पण जुलै नको. त्या महिन्यात या मार्गावर सगळीकडेच ओल असते आणि पणजी, बेळगाव, कोल्हापूर तर पावसाच्या ऐन माऱ्यात. हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर राहिली की असल्या कागदावर बुरशी धरते. तुमचा क्रम चांगला आहे, फक्त सुरुवात १५ ऑगस्टपासून धरा. नाशिक २७ ऑगस्ट, इंदूर ८ सप्टेंबर, नागपूर २० सप्टेंबर, पणजी २ ऑक्टोबर, बेळगाव १४ ऑक्टोबर, कोल्हापूर २६ ऑक्टोबर, पुण्याला परत ७ नोव्हेंबर. २ ऑक्टोबरला टपालाला सुट्टी असते, तेव्हा पणजीकरांनी ३ तारीख धरावी. गणपती आणि दिवाळीच्या आसपास दोन-तीन दिवस इकडेतिकडे होणारच. प्रत मिळाली की आणि पाठवली की त्याच दिवशी सगळ्यांना कळवायचं, पावतीवरच्या क्रमांकासकट.

बांधणी: पुस्तकापेक्षा चारी बाजूंनी एक सेंटिमीटर मोठे असे खोक्याच्या पुठ्ठ्याचे दोन तुकडे कापा. पुस्तक कागदात, मग पॉलिथिनमध्ये, मग दोन पुठ्ठ्यांमध्ये, वर बबल रॅप, सगळ्यात वर तपकिरी कागद. पुठ्ठा बाहेर आलेला असतो म्हणून पडल्यावर मार त्याच्या कोपऱ्यांना बसतो, पुस्तकाच्या कोपऱ्यांना बसत नाही. रबरबँड नको, तो कडा कापतो आणि गरमीत चिकटतो. स्टेपलर नको, गंजतो. पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा पत्ता लिहिलेली चिठ्ठी आतही ठेवा, वरचा पत्ता भिजून गेला तर तीच कामाला येते. प्रत अशी बांधली की साधारण साडेतीनशे ग्रॅम भरते. तेच पुठ्ठे सातही जणांनी पुन्हा वापरा.

समासटीप

आता प्रतिक्रियांकडे येऊ. पुस्तक जपायचं ते त्यासाठीच.

पेन्सिलीच्या खुणा खोडू नका. त्या करणारा आधीचा मालक तुमचा आठवा वाचक आहे, खरं तर पहिला. खोडरबराने जुन्या कागदाचे तंतू उचकटतात, हे कारण आहेच, पण नसतं तरी खोडू नयेत. उलट एकाने बसून त्याच्या सगळ्या अधोरेखित ओळी आणि शेरे वेगळे उतरवून काढा आणि ती नोंद शेवटपर्यंत बंद ठेवा. सात जणांचं लिहून झालं की उघडा. ज्या ओळीपाशी तो थांबला तिथे तुमच्यापैकी कोण थांबलं, हे पाहण्यासारखं असतं.

तुमच्या खुणा मात्र पुस्तकात नकोत. चिकट रंगीत चिठ्ठ्या तर नकोतच, ठिसूळ कागदाचा वरचा थर त्यांच्याबरोबर निघतो. पातळ कागदाच्या साध्या पट्ट्या, प्रत्येकी पाचपेक्षा जास्त नाहीत, आणि पुढे पाठवताना काढून घ्यायच्या. ओळीचा संदर्भ देताना पान-क्रमांकाबरोबर परिच्छेदाचे पहिले चार शब्द लिहा. कुणी पुढे दुसऱ्या आवृत्तीत शोधलं तर आकडे जुळणार नाहीत, शब्द जुळतील.

वही प्रतीबरोबर फिरवू नका. टपालाचा नियम एक कारण. दुसरं कारण मोठं आहे: माणूस वही उघडतोच. वही एकाकडे राहू द्या, बाकीच्यांनी हाताने लिहून फोटो पाठवायचा किंवा साध्या पाकिटातून कागद पाठवायचा, आणि ठेवणाऱ्याने स्वतःचं आधी लिहून ठेवायचं. म्हणजे पुण्याचा पहिला वाचक, त्याच्याकडेच वही.

प्रत्येकाने दोनदा लिहावं. एकदा बरोबर निम्म्यावर पुस्तक मिटून, एकदा संपल्यावर. निम्म्यावरची नोंद नंतर दुरुस्त करायची नाही. 'रणांगण'मध्ये हे फार महत्त्वाचं आहे, कारण सांगणारा स्वतः चक्रधर विध्वंस आहे. सगळं त्याच्या तोंडून, त्याच्या डोळ्यांनी. युरोपातून मुंबईकडे येणारी बोट, तिच्यावर हॅर्टासारखी जर्मनीतून बाहेर फेकलेली ज्यू माणसं, आणि आधीच्या प्रेमभंगाने कडवट झालेला हा तरुण. पहिल्या निम्म्या भागात वाचकाला त्याच्याबद्दल जे वाटतं ते शेवटाकडे बदलतं, आणि बदलल्यावर आधी काय वाटलं होतं ते माणूस विसरतो.

'आवडली का' हा प्रश्न नको. त्यातून 'सुन्न झालो' एवढंच हाती लागतं. हे विचारा: चक्रधरवर तुमचा विश्वास कुठल्या ओळीला बसला आणि कुठल्या ओळीला उडाला? हॅर्टा त्याने सांगितली तेवढीच दिसते, की त्याच्या सांगण्याबाहेरही ती तुम्हाला दिसली? कुठे? तो स्वतः पारतंत्र्यातल्या देशाचा माणूस आहे. देशच हिरावून घेतलेल्या माणसांशी बोलताना हे त्याच्या लक्षात असतं का? आणि बोटीवरच्या दुय्यम माणसांपैकी कोणाच्या वाट्याला आणखी चार पानं यायला हवी होती? प्रत्येक उत्तराला ओळीचा आधार हवा.

काळाचा एक कागद तयार करून सगळ्यांना आधी द्या, त्यात कथानकाचा शब्दही नको. ऑक्टोबर १९३८ पासून जर्मन ज्यूंच्या पासपोर्टावर लाल 'जे' उमटवायला सुरुवात झाली. ९-१० नोव्हेंबर १९३८ च्या रात्री तिथली प्रार्थनामंदिरं जाळली, ज्यूंची दुकानं फोडली. बहुतेक देशांनी दारं लावून घेतली होती. शांघायला उतरायला मात्र व्हिसा लागत नसे, म्हणून इटलीच्या बंदरांतून सुएझ, मुंबईमार्गे पूर्वेला जाणाऱ्या बोटींवर अशी माणसं गर्दीने चढत. १ सप्टेंबर १९३९ ला युद्ध सुरू झालं. कादंबरी प्रकाशित झाली तीही १९३९ मध्येच. म्हणजे लिहिणाऱ्याला पुढच्या सहा वर्षांत काय होणार आहे हे ठाऊक नव्हतं, आणि आपल्याला ते ठाऊक असतं. हा फरक ध्यानात ठेवून वाचलं तर कित्येक साधी वाक्यं अंगावर येतात.

टपालपेटी

वहीबद्दल थोडं वेगळं मत. फोटोवरून हस्ताक्षर वाचता येतं, पण कागद हातात येत नाही. प्रत्येकाने आपले दोन कागद पाकिटात घालून, पाकीट खळीने बंद करून, वर फक्त गावाचं नाव लिहून, ती पाकिटं प्रतीबरोबरच पुढे पाठवावीत. शेवटी सात पाकिटं पुण्यात एकत्र उघडतील. स्पीड पोस्टने जात असेल तर खासगी कागदांची अडचण येत नाही.

समासटीप

पाकीट बंद असेल तर माझी हरकत फक्त एकच: प्रत हरवली तर सगळं लेखनही हरवेल. फोटो काढून मगच पाकीट बंद करा. आणि पाकिटं पुस्तकाच्या आत ठेवू नका, सात पाकिटांच्या जाडीने कणा फाकतो. पुठ्ठ्याच्या बाहेरच्या बाजूला ठेवा.

पानगळ

फार उपयोगी पडलं. ३५ ते ४६ हलवून बघितली, घट्ट आहेत. मुद्रणाचं पानही शाबूत आहे. आता फ्रीजर, मग खळ, मग १५ ऑगस्ट. एक राहिलं: आमच्यातल्या दोघांनी सुचवलं की अख्खं पुस्तक स्कॅन करून गटात टाकावं, म्हणजे प्रत हरवली तरी वाचन थांबणार नाही. हे चालेल का?

जुजबंदी

नाही. छापील प्रत देणं-घेणं, विकणं, टपालाने फिरवणं यात काहीच गैर नाही, प्रत तुमची आहे. अख्ख्या पुस्तकाची नक्कल करून वाटणं ही मात्र वेगळी गोष्ट. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतो, मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून मोजून. बेडेकर १९९८ मध्ये गेले, म्हणजे २०५८ संपेपर्यंत. चर्चेसाठी चार-दोन ओळी उद्धृत करायला हरकत नाही.

शिवाय काचेवर पालथं दाबून स्कॅन करताना कण्यावर जो जोर येतो, त्याने नुकती जोडलेली ३३-३४ पुन्हा सुटतील. प्रत हरवण्याचीच भीती असेल तर वर्गणी काढून नवी प्रत घ्या आणि ती पुण्यात राखीव ठेवा. पेन्सिलीच्या शेऱ्यांच्या पानांचे फोटो तेवढे तुमच्या नोंदीसाठी काढा, पुस्तक नव्वद अंशांपेक्षा जास्त न उघडता, खिडकीच्या तिरप्या उजेडात. पुसट पेन्सिल समोरच्या फ्लॅशमध्ये चकाकते आणि अक्षर उमटत नाही.